यीस्ट गाळताना फ्लक्स का पडतो? क्रॉसफ्लो सूक्ष्मगाळणाच्या मॉडेलविषयी चर्चा

गोदाकाठ (धागा)

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीच्या प्रयोगशाळेत मी काम करतो. किण्वन संपले की यीस्टचा बराचसा गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरची वाइन दुसऱ्या टाकीत घेतली जाते आणि बाटलीत भरण्यापूर्वी ती क्रॉसफ्लो यंत्रातून गाळली जाते. आमच्या यंत्रातले मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, पॉलिईथरसल्फोन या प्लास्टिकच्या पोकळ तंतूंचे आहे. तंतूचा आतला व्यास दीड मिलिमीटर, लांबी एक मीटर आणि छिद्रे ०.२ मायक्रॉनची. वाइन तंतूंच्या आतून सेकंदाला दीड मीटर वेगाने फिरत राहते आणि तिचा थोडा थोडा भाग भिंतीतून बाहेर पडतो. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रॉनची असते, त्यामुळे ती छिद्रातून जाण्याचा प्रश्नच येत नाही. मॅलोलॅक्टिक किण्वन करणारे जिवाणू अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतात, तेही अडतात. गाळण चोख होते. अडचण आहे ती वेगाची.

एक चौरस मीटर मेम्ब्रेनमधून तासाला जितके लिटर द्रव बाहेर पडते, तो फ्लक्स. एक बार दाबाला आमच्याकडे तो सुरुवातीला नव्वदच्या आसपास असतो आणि तासाभरात चाळीसवर येतो. (स्वच्छ पाण्याचा फ्लक्स त्याच दाबाला, २० अंश तापमानाला, सुमारे नऊशे आहे.) जानेवारीपासून मार्चपर्यंत टाक्या एकामागून एक मोकळ्या कराव्या लागतात, आणि पुढची टाकी किती तासांत गाळून होईल हे आधी सांगता आले, तर शीतकरण, माणसांच्या पाळ्या आणि मेम्ब्रेन धुण्याच्या वेळा या सगळ्याचे नियोजन नीट करता येईल. त्यासाठी मॉडेल हवे आहे.

हर्मिया यांनी १९८२ मध्ये एकत्र मांडलेली छिद्ररोधाची चार समीकरणे मी आमच्या नोंदींना लावून पाहिली: संपूर्ण छिद्ररोध, छिद्राच्या आत साचणारा रोध, मध्यम रोध (काही कण छिद्रे बुजवतात, काही आधीच्या कणांवर बसतात) आणि पृष्ठभागावरचा थर. चारही समीकरणे जवळजवळ सारखीच जुळतात. प्रत्येकाचा आर-वर्ग (जुळणीचे माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९७ च्या वर आहे. मग प्रत्यक्षात यांपैकी काय घडते आहे, हे ठरवायचे कसे? की चारांपैकी कोणतेही घेतले तरी चालते?

सातपूरकर

प्रश्न चांगला मांडला आहे, आणि सोबत पाण्याचा फ्लक्स दिला आहे हे विशेष उपयोगाचे. बरेच जण तो आकडा देतच नाहीत.

आधी समीकरणांविषयी. हर्मियांच्या मांडणीत गाळलेल्या आकारमानाच्या संदर्भात वेळेचे दुसरे अवकलज हे पहिल्या अवकलजाच्या विशिष्ट घाताशी समप्रमाणात असते. तो घात २ असेल तर संपूर्ण छिद्ररोध, १.५ असेल तर आतला रोध, १ असेल तर मध्यम रोध आणि शून्य असेल तर थर. पण ही सगळी मांडणी स्थिर दाबाच्या सरळ गाळणासाठी आहे, म्हणजे जिथे द्रव मेम्ब्रेनवर काटकोनात येतो आणि अडलेली प्रत्येक गोष्ट तिथेच राहते. तुमच्या तंतूंमध्ये वाइन भिंतीला समांतर वाहते आणि आलेल्या कणांपैकी काही परत प्रवाहात खेचले जातात. म्हणूनच तुमचा फ्लक्स शून्याकडे न जाता कुठेतरी स्थिरावू पाहतो. हर्मियांच्या मूळ समीकरणांत असे स्थिरावणे नाहीच.

ही उणीव फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये भरून काढली. त्यांच्या समीकरणात फ्लक्स घटण्याचा वेग हा चालू फ्लक्स आणि एक सीमा-फ्लक्स यांच्यातील फरकाशी जोडलेला आहे. फ्लक्स त्या सीमेपर्यंत उतरला की घट थांबते. घातांचे चार पर्याय इथेही आहेत. तुम्ही किमान हे रूप वापरायला हवे.

मात्र तेवढ्याने तुमचा मूळ प्रश्न सुटणार नाही. हळूहळू उतरणारी आणि कुठेही वळण न घेणारी एक वक्ररेषा असेल, तर दोन मोकळ्या स्थिरांकांचे कोणतेही शहाणे समीकरण तिला जुळते. आर-वर्ग ०.९७ आला याचा अर्थ रेषा रेषेसारखी दिसते, एवढाच. त्यातून मेम्ब्रेनवर काय साचले आहे याची साक्ष मिळत नाही. तुम्ही फ्लक्सऐवजी अवकलजे काढून लॉगच्या आलेखावर उतार पाहिलात, तर चार समीकरणांतला फरक थोडा तरी उघडा पडेल. पण त्यासाठी नोंदी दाट आणि स्वच्छ हव्यात. दर पाच मिनिटांच्या नोंदींची दोनदा अवकलजे काढली तर हाती निव्वळ गोंधळ लागेल.

संख्यारेषा

सातपूरकरांशी सहमत. मला वाटते, समीकरण निवडण्याच्या आधी तुमच्याच आकड्यांवर एक साधे गणित करून पाहावे.

फ्रान्समधल्या दीझों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा जो नियम दिला, त्याचाच हा वंशज आहे: फ्लक्स म्हणजे दाबफरक भागिले द्रवाचा चिकटपणा आणि एकूण रोध यांचा गुणाकार. पाण्यासाठी फ्लक्स ९०० असेल, तर एक बार दाबाला स्वच्छ मेम्ब्रेनचा रोध सुमारे ४ गुणिले १० चा ११ वा घात प्रति मीटर येतो. सोयीसाठी याला ४ एकक म्हणू. वाइनचा चिकटपणा पाण्याच्या सुमारे १.६ पट धरला, तर अगदी स्वच्छ मेम्ब्रेनमधून वाइनचा फ्लक्स ५६० च्या आसपास यायला हवा.

तुमची पहिली नोंद आहे नव्वद! म्हणजे त्या क्षणी एकूण रोध २५ एकक झालेला आहे, मेम्ब्रेनच्या सहापट. शेवटी चाळीस फ्लक्सला तो ५६ एककांवर पोचतो. तुम्ही ज्या घसरणीला समीकरण लावता आहात ती नव्वदपासून चाळीसपर्यंतची आहे; ५६० पासून नव्वदपर्यंतची घसरण तुमच्या पहिल्या नोंदीच्या आधीच घडून गेली आहे. पहिल्या एक-दोन मिनिटांत काय होते, हे तुमच्या आलेखावर दिसतच नाही, आणि माझ्या मते सगळे रहस्य तिथेच आहे.

आता ही सुरुवातीची वाढ पेशींमुळे झाली असेल का, हे तपासू. गाळ बसवून घेतलेल्या वाइनमध्ये मिलिलिटरला दहा लाख पेशी धरू. पाच मायक्रॉन व्यासाच्या एका पेशीचे आकारमान ६५ घन मायक्रॉन, म्हणजे पेशींचा वाटा आकारमानाने फक्त ०.००६५ टक्के. कणांच्या थराचा रोध देणाऱ्या कोझेनी आणि कार्मन यांच्या सूत्राने, ४० टक्के पोकळी असलेल्या अशा पेशींच्या थराला २१ एकक रोध निर्माण करायचा असेल, तर थराची जाडी सुमारे ५० मिलिमीटर लागते (तंतूचा व्यासच दीड मिलिमीटर आहे!). एक चौरस मीटरवर तेवढा थर बसायला साडेचार लाखांहून अधिक लिटर वाइन गाळावी लागेल, आणि तेही आलेली एकूण एक पेशी भिंतीला चिकटून राहिली तर. पेशी मऊ असतात, थर दबतो, म्हणून त्याचा रोध पाचपट धरू. तरी नव्वद हजार लिटर लागतात. तुमच्या यंत्रात, नव्वदच्या फ्लक्सलाही, तेवढ्याला हजार तास लागतील.

पहिल्या दोन मिनिटांची वाढ पेशींची नाही. हे मी खात्रीने म्हणतो.

गोदाकाठ

संख्यारेषा, हे फार महत्त्वाचे आहे. यंत्र सुरू केल्यावर दाब स्थिर होईपर्यंत नोंद घ्यायची नाही, अशीच आमच्याकडची पद्धत आहे. परमिएटच्या, म्हणजे गाळून बाहेर आलेल्या वाइनच्या, नळीखाली वजनकाटा ठेवून पहिल्या सेकंदापासून नोंद घेता येईल. पण मग तासाभरात नव्वदचे चाळीस होतात, ते तरी पेशींमुळे म्हणायचे का? पुनर्चक्रणाच्या टाकीत पेशी दाट होत जातात, हे तर खरे आहे.

पेशीरंग

मी अंबडच्या बाजूला जैवऔषधांच्या क्षेत्रात काम करते. आमच्याकडे यीस्टऐवजी जिवाणूंच्या पेशी असतात, पण गणित तेच. तुमच्या या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

क्रॉसफ्लोमध्ये पेशी भिंतीकडे येते ती बाहेर जाणाऱ्या द्रवाबरोबर, आणि भिंतीपासून दूर जाते ती कशामुळे, यावर सगळे मॉडेल अवलंबून असते. सुरुवातीला लोकांनी ते श्रेय ब्राउनियन विसरणाला, म्हणजे कणांच्या सततच्या थरथरीमुळे होणाऱ्या पसरण्याला दिले, कारण अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये (याहून बारीक छिद्रांच्या गाळणात) प्रथिनांच्या रेणूंसाठी ते बरोबर बसत होते. तुमच्या तंतूसाठी आकडे घालून पाहू. भिंतीजवळचा कर्तनवेग (भिंतीपासून दूर जाताना प्रवाहाचा वेग किती झपाट्याने वाढतो त्याचे माप), म्हणजे वेगाच्या आठपटीला व्यासाने भागून, सेकंदाला ८००० येतो. अडीच मायक्रॉन त्रिज्येच्या पेशीचे ब्राउनियन विसरण इतके क्षीण असते की त्यावर आधारलेले मॉडेल, पेशी एक टक्का असताना, तासाला चौरस मीटरमागे अर्ध्या लिटरपेक्षाही कमी फ्लक्स सांगते. प्रत्यक्षात कोणत्याही यंत्रात याच्या कितीतरी पट मिळतो. या विसंगतीने त्या काळी संशोधकांना बरेच कोड्यात टाकले होते.

उत्तर मिळाले ते कर्तनजन्य विसरणात. रामकुंडाकडे निघालेल्या पर्वणीच्या गर्दीत वेगाने चालणारा माणूस हळू चालणाऱ्याला ओलांडताना दोघेही थोडे बाजूला सरकतात, आणि असे असंख्य वेळा झाले की दाटीतली माणसे आपोआप मोकळ्या बाजूला पसरतात. भिंतीजवळच्या दाट थरातल्या पेशींचेही तसेच होते. या विसरणाचा गुणांक त्रिज्येचा वर्ग आणि कर्तनवेग यांच्या गुणाकाराच्या ०.०३ पट घेतात. झिडनी आणि कोल्टन यांनी १९८६ मध्ये रक्तपेशी आणि प्लाझ्मा वेगळे करण्याच्या प्रक्रियेसाठी हेच वापरले. तुमच्या तंतूसाठी हा गुणांक ब्राउनियनच्या पंचवीस हजारपटींहून अधिक भरतो, आणि पेशी एक टक्का असताना सीमा-फ्लक्स येतो सुमारे ३१०.

तीनशे दहा! आणि तुम्ही चाळीसवर आहात. शिवाय एक टक्का हा आकडाही मी मुद्दाम जास्त धरला आहे. संख्यारेषा म्हणतात ती ०.००६५ टक्के वाइन पन्नासपट दाट केली, तरी पेशी ०.३३ टक्क्यांच्या वर जात नाहीत.

यातून निष्कर्ष एवढाच निघतो की तुमच्या वेगाने वाहणाऱ्या तंतूत पाच मायक्रॉनची पेशी ही मुख्य अडचण असूच शकत नाही. भिंतीवरून ती सहज उचलली जाते. कर्तनजन्य विसरण त्रिज्येच्या वर्गाने वाढते, ब्राउनियन विसरण त्रिज्येच्या व्यस्तात घटते, त्यामुळे दोन्हींपासून वंचित राहतात ते मधल्या आकाराचे कण, साधारण एक दशांश मायक्रॉनपासून एक मायक्रॉनपर्यंतचे. ते एकदा भिंतीवर आले की परत जात नाहीत. तुमच्या वाइनमध्ये या आकाराचे काय आहे, ते शोधा.

तळघर

वीस-बावीस हंगाम मी वाइन गाळणाऱ्या माणसांबरोबर काम करते आहे, म्हणून पेशीरंगताईंच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर देते: पुष्कळ काही असते.

द्राक्षाच्या सालीतून आणि गरातून आलेली पॉलिसॅकराइडे असतात, मेलेल्या यीस्टच्या भिंतीतून सुटणारी मॅनोप्रथिने असतात, लाल वाइनमध्ये टॅनिन आणि रंगद्रव्ये असतात. ही सगळी एकमेकांना धरून गुठळ्या करतात, आणि त्या गुठळ्या छिद्राच्याच मापाच्या असतात. मीटरवर गढूळपणा अगदी कमी दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजक्याच असतात, आणि तरी मेम्ब्रेन अर्ध्या तासात तुंबते. उलट कधीकधी बऱ्यापैकी गढूळ पांढरी वाइन सुरळीत निघून जाते. गढूळपणा पाहून गाळणाचा अंदाज बांधायचा नाही, हे आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगतात.

मेम्ब्रेनच्या पदार्थानेही फरक पडतो. पॉलिईथरसल्फोनला पॉलिफेनॉले चांगलीच धरून बसतात. पॉलिप्रोपिलीनवर ती कमी चिकटतात. पेक्टिन तोडणारे एन्झाइम वेळेवर दिले असेल, बेन्टोनाइट (वाइन निवळवण्याची माती) नीट बसू दिला असेल, तर त्याच बागेतली, त्याच टाकीतली वाइन वेगळ्या रीतीने गाळली जाते. तुमच्या मॉडेलमध्ये या गोष्टींना जागा कुठे आहे?

आणखी एक गोष्ट, तापमानाची. सकाळी दहा अंशांवरची वाइन गाळायला घेतली आणि दुपारी, फेब्रुवारीच्या अखेरच्या उन्हात, पंपाच्या घर्षणाने ती तापत गेली, तर फ्लक्स आपोआप सुधारल्यासारखा दिसतो. तो मेम्ब्रेनचा गुण नसतो.

संख्यारेषा

तळघर यांचा तापमानाचा मुद्दा गणितातही मोठा आहे. पाण्याचाच चिकटपणा १० अंशांना १.३१ आणि ३० अंशांना ०.८० मिलिपास्कल-सेकंद असतो. म्हणजे रोध तोच असताना फ्लक्स १.६ पट होतो. वाइनमध्ये मद्यार्कामुळे हा फरक आणखी वाढतो. म्हणून मॉडेल नेहमी रोधावर लावावे, फ्लक्सवर लावू नये. दर नोंदीच्या वेळचे तापमान लिहून त्या तापमानाच्या चिकटपणाने आधी रोध काढावा.

नवखा_संगणक

एवढे सगळे करण्यापेक्षा दाब, वेग, तापमान, गढूळपणा यांच्या नोंदी देऊन मशीन लर्निंगचे मॉडेल शिकवले तर? किंवा तंतूतल्या प्रवाहाचे सविस्तर संगणकीय अनुकरण करता येईल.

सातपूरकर

दोन्ही साधने चांगली आहेत आणि त्यांचे आपापले काम आहे. एका वायनरीच्या एका हंगामातल्या मोजक्या टाक्या म्हणजे शिकवण्यापुरती माहिती नव्हे, आणि ज्या राशीवर सगळे अवलंबून आहे, म्हणजे त्या गुठळ्यांचे प्रमाण, ती त्या नोंदींत मोजलेलीच नाही. जे मोजले नाही ते यंत्र कोठून शिकणार? प्रवाहाच्या अनुकरणाविषयी म्हणायचे तर दीड मिलिमीटरच्या सरळ नळीत रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळता, हे सांगणारा) दीड हजाराच्या खाली आहे, प्रवाह स्तरित, म्हणजे शांत आहे, आणि त्याचे उत्तर कागदावर अचूक काढता येते. उदाहरणार्थ, एक मीटर लांबीत दाब सुमारे ०.३४ बारने पडतो. म्हणजे तंतूच्या तोंडाशी मेम्ब्रेनच्या आरपार दाब सव्वा बारच्या आसपास असेल, तर शेवटाला तो नव्वद शतांशांच्या आसपास राहील. एवढ्यासाठी संगणक लागत नाही, पण हा फरक मॉडेलमध्ये घेतलाच पाहिजे, कारण तोंडाकडचा भाग आधी आणि जास्त दाबाने तुंबतो.

गोदाकाठ, तुमच्यासाठी मी एक साधा प्रयोग सुचवतो, जो कोणत्याही समीकरणापेक्षा जास्त सांगेल. तुमची वाइन प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिचे दोन भाग करा. वरचा भाग म्हणजे पेशी नसलेली, पण गुठळ्या असलेली वाइन. खालच्या पेशी दोन-तीनदा धुऊन, १२ टक्के मद्यार्क आणि टार्टारिक आम्ल घातलेल्या, सामू साडेतीनच्या द्रवात मूळच्या प्रमाणात पुन्हा मिसळा. आता मूळ वाइन, पेशीविरहित वाइन आणि धुतलेल्या पेशी, अशी तिन्ही त्याच पदार्थाच्या आणि त्याच छिद्राच्या मेम्ब्रेनच्या छोट्या चकतीतून, एकाच दाबाला आणि एकाच तापमानाला गाळा, आणि पहिल्या सेकंदापासून वजन नोंदवा. फिरवताना वेग अति ठेवू नका, नाहीतर मोठ्या गुठळ्याही पेशींबरोबर खाली बसतील आणि तुलना फसेल.

पेशीरंग

याला जोडून दाबाचीही परीक्षा घ्या. मुख्य यंत्रात अर्धा बार, पाऊण, एक, सव्वा असे दाब टप्प्याटप्प्याने वाढवा, प्रत्येक टप्पा वीस मिनिटे. जैविक थराचा विशिष्ट रोध दाबाच्या एका घाताने वाढतो. तो घात एकाच्या जवळ गेला की वाढवलेला सगळा दाब थर घट्ट करण्यातच खर्च होतो आणि फ्लक्स जागचा हलत नाही. त्यानंतर दाब पुन्हा त्याच टप्प्यांनी कमी करत या. येतानाची रेषा जातानाच्या रेषेखाली राहिली, तर जे बसले ते सहज निघणारे नाही.

फील्ड यांच्या १९९५ च्या त्याच लेखात क्रांतिक फ्लक्सची कल्पना आहे: त्याच्या खाली राहिले तर वेळेनुसार घट होतच नाही. वाइनसारख्या द्रवात मात्र नुसत्या स्पर्शानेही मेम्ब्रेनला काही ना काही चिकटते, त्यामुळे ते कडक रूप लागू होत नाही. २०११ मध्ये फील्ड आणि पिअर्स यांनी मांडलेला उंबरठा-फ्लक्स इथे जास्त उपयोगी आहे. त्याच्या खाली घाण मंद, जवळपास ठरलेल्या वेगाने साचते. त्याच्या वर ती झपाट्याने वाढते. आमच्याकडे पेशी काढताना परमिएटच्या बाजूला पंप लावून फ्लक्सच ठरावीक ठेवतात आणि दाब किती चढतो ते पाहतात. तुमच्याकडे सुरुवातीलाच पूर्ण एक बार देऊन स्वच्छ मेम्ब्रेनवर पाचशेच्या वेगाने वाइन लोटली जाते, आणि त्या पहिल्या मिनिटात गुठळ्या छिद्रांत खोलवर जाऊन बसतात. परमिएटची झडप जवळजवळ बंद ठेवून सुरुवात करून पाहा.

तळघर

झडप बंद ठेवून सुरुवात करण्याला माझेही अनुमोदन. आमच्या भागात वीज गेली की आणखी एक प्रकार होतो: फिरवणारा पंप थांबतो, पण ओळीत दाब काही काळ टिकून राहतो आणि तेवढ्यात वाइन सरळ गाळणासारखी भिंतीवर दाबली जाते. वीज परत आल्यावर फ्लक्स आधीच्या जागी येत नाही. म्हणून पंप बंद पडताच परमिएटची झडप आपोआप मिटेल, अशी व्यवस्था करून घ्या. आणि नोंदवहीत वीज गेल्याची वेळ लिहा. नाहीतर आलेखातली ती पायरी कोणत्याही समीकरणात बसणार नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सातपूरकर सरांनी सांगितलेला तीन भागांचा प्रयोग शिराझच्या वाइनवर करून पाहिला. निकाल इथे देतो.

धुतलेल्या पेशींचा फ्लक्स हळूहळू उतरत गेला, आणि वेळ भागिले आकारमान यांचा आकारमानाविरुद्ध आलेख जवळपास सरळ रेषेत आला, म्हणजे थराचे वर्तन. पेशीविरहित वाइनचा फ्लक्स मात्र पहिल्या मिनिटातच कोसळला. तिचा आलेख सुरुवातीला आतल्या रोधाच्या बाजूने गेला आणि नंतर थराकडे वळला. मूळ वाइनही जवळपास पेशीविरहित वाइनच्याच रेषेने गेली. पण एक गोष्ट मला कळलेली नाही: शेवटी शेवटी मूळ वाइनचा फ्लक्स पेशीविरहित वाइनपेक्षा थोडा जास्त राहिला. पेशी असताना गाळण सुधारते, हे कसे?

झडप बंद ठेवून यंत्र सुरू केले, त्याचाही परिणाम दिसला. सुरुवातीचा फ्लक्स आम्ही मुद्दाम पन्नासवर धरून ठेवला आणि तासाभरानंतर तो चाळीसच्या स्पष्टपणे वर राहिला.

पेशीरंग

पेशी असताना गाळण सुधारणे हे नवल नाही. यीस्टचा थर स्वतःच एक गाळणी होतो आणि गुठळ्यांना मेम्ब्रेनपर्यंत पोचू देत नाही. पेशींच्या मधल्या वाटा छिद्रांपेक्षा रुंद असल्या तरी वाकड्यातिकड्या असतात. अरोरा आणि डेव्हिस यांनी १९९४ मध्ये यीस्टच्या थराचा असा दुय्यम मेम्ब्रेन म्हणून अभ्यास केला होता, तोही सरळ गाळणातच आणि अल्ब्युमिन या प्रथिनासाठी. म्हणून एक सावधगिरी: तुमच्या चकतीवर हा थर बसतो, पण तंतूमध्ये सेकंदाला ८००० च्या कर्तनवेगाखाली तो बसेलच असे नाही. चकतीवरचा हा फायदा यंत्रात गृहीत धरू नका.

सातपूरकर

आता तुमच्या मॉडेलचा आकार जवळपास ठरला आहे. एकूण रोधाचे तीन भाग घ्या. पहिला मेम्ब्रेनचा, तो धुतल्यानंतरच्या पाण्याच्या फ्लक्सवरून दर वेळी मोजायचा. तो हंगामभर हळूहळू वाढत जाईल आणि ती वाढ म्हणजे न धुतली गेलेली घाण, तीही नोंदवायची. दुसरा गुठळ्यांनी पहिल्या काही मिनिटांत निर्माण केलेला, पटकन वाढून एका पातळीवर थांबणारा. त्याचे दोन्ही स्थिरांक पेशीविरहित वाइनच्या चकतीवरच्या प्रयोगातून घ्यायचे. तिसरा सावकाश वाढणारा थर, फील्ड यांच्या समीकरणाचा, ज्यात पुनर्चक्रणाच्या टाकीत वाढत जाणारे प्रमाण वस्तुमानाच्या साध्या ताळेबंदाने येते. पहिले दोन भाग स्वतंत्रपणे मोजलेले असल्यामुळे मुख्य यंत्राच्या नोंदींवरून जुळवण्यासाठी तुमच्याकडे फक्त तिसऱ्याचा वेग आणि सीमा उरते. चार समीकरणे सारखीच जुळण्याची अडचण इथे राहत नाही, कारण आता समीकरणाला हवे तिकडे वाकायला जागा नाही.

तळघर यांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: एन्झाइम, बेन्टोनाइट, द्राक्षाचा वाण, हे सगळे दुसऱ्या भागाच्या पातळीत येते. प्रत्येक टाकीसाठी ती पातळी नव्याने मोजावी लागेल. शेनिन ब्लांची पातळी शिराझला लावू नका. चकतीचा प्रयोग छोटा आहे. टाकी यंत्राला जोडण्याच्या आदल्या दिवशी तो सहज होतो.

गोदाकाठ

असेच करतो. पुढच्या टाकीसाठी चकतीवरून पातळी मोजून, गाळण सुरू करण्याआधीच अपेक्षित तास इथे लिहून ठेवीन. आधीच्या नोंदींना समीकरण जुळवण्यापेक्षा तीच खरी कसोटी होईल.

संख्यारेषा

उत्तम. लिहिताना एकच आकडा न देता किमान आणि कमाल तास द्या, आणि तंतूच्या दोन्ही टोकांचा दाब, परमिएटचा दाब व वाइनचे तापमान सुरुवातीपासून दर मिनिटाला नोंदवा. पहिल्या पाच मिनिटांत मात्र दर दहा सेकंदांनी.